जुन्या उद्याची अक्षरे

मुद्रित अक्षरांच्या इतिहासात एक लहानसा पण पाहताक्षणी ओळखू येणारा गट आहे. त्यातील अक्षरे उंच, अरुंद आणि चौकोनी अंगाची असतात, त्यांच्या गोलाईला कोपरे फुटलेले असतात, आणि कुठेतरी एखादी रेषा अनपेक्षितपणे जाड होते, मध्येच तुटते किंवा वळायच्या जागी काटकोनात मुडपते. ही अक्षरे दिसली की वाचकाला अंतराळयानाचा नियंत्रणकक्ष, मोठ्या संगणकांची थंड खोली किंवा विज्ञानकथेच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आठवते. प्रत्यक्षात मात्र ती रेखाटणारे हात कधी पन्नास, कधी साठ, तर कधी नव्वद वर्षांपूर्वीचे असतात. त्यांत दिसणारे भविष्य हे भूतकाळातील माणसांनी आपल्या काळाच्या साधनांतून कल्पिलेले भविष्य असते. या शैलीला रेट्रो-फ्युचरिस्टिक असे नाव रूढ झाले आहे. पुढील विवेचनात तिचा उल्लेख जुन्या उद्याची अक्षरे असा केला आहे.

विषयात शिरण्यापूर्वी दोन-तीन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकाच वळणाने रेखाटलेल्या संपूर्ण अक्षरसंचाला येथे टंक म्हटले आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात छापखान्यात त्याला टाइप म्हणत आणि आज संगणकामुळे सर्वत्र फॉन्ट म्हणतात. टंकाचे दोन ढोबळ वर्ग पडतात. पुस्तकातील किंवा वर्तमानपत्रातील सलग मजकूर ज्यात लावला जातो तो मजकुराचा टंक, आणि मथळा, भित्तिपत्रक, मुखपृष्ठ, पाटी, चित्रपटाचे नाव अशा ठिकाणी मोठ्या आकारात मोजके शब्द दाखवण्यासाठी जो घडवला जातो तो दर्शनी टंक. मजकुराच्या टंकाने वाचकाच्या नजरेआड राहावे अशी अपेक्षा असते, तर दर्शनी टंकाने नजर थांबवावी अशी असते, आणि म्हणून पहिल्यात जो दोष ठरेल तो दुसऱ्यात गुण ठरू शकतो. अरुंद टंक म्हणजे ज्यातील अक्षरांची रुंदी उंचीच्या मानाने मुद्दाम कमी ठेवलेली असते असा टंक.

अरुंद अक्षरांचा उगम कोणत्याही भविष्यकल्पनेत नसून जागेच्या टंचाईत आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत जाहिरातींची भित्तिपत्रके वाढली, नाटक, सर्कस, लिलाव, आगबोटींच्या फेऱ्या यांची नावे लांबून दिसतील एवढी मोठी छापण्याची निकड निर्माण झाली, परंतु कागदाची रुंदी ठरलेलीच होती. तेव्हा शब्द लांब असला तरी अक्षर उंच राहावे यासाठी त्याला दोन्ही बाजूंनी आवळण्यावाचून उपाय उरला नाही. न्यू यॉर्कमध्ये डॅरियस वेल्स याने १८२७ मध्ये लाकडी अक्षरे यंत्राने कोरण्याची रीत आणली आणि मोठ्या मापाची अक्षरे स्वस्त झाली, त्यानंतर तर अरुंद वळणांचे पीकच आले. या आवळण्यात एक गोष्ट आपोआप घडते, आणि पुढचा सारा इतिहास समजण्यासाठी ती ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे. रोमन लिपीतील गोल ओ हे अक्षर पुरेसे अरुंद केले की त्याच्या दोन्ही कडा सरळ उभ्या होतात आणि गोलाई फक्त वर व खाली उरते. सी, जी, डी, क्यू यांचेही तसेच होते, आणि सगळी अक्षरे एकाच मापाच्या उभ्या पट्ट्यांनी बनल्यासारखी दिसू लागतात. हाताच्या लेखणीची आठवण पुसली जाते आणि साच्याची, पत्र्याची, सुट्या भागांच्या जोडणीची आठवण पुढे येते. अरुंद अक्षर यंत्रासारखे दिसते याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. ते दिसणे भविष्याचे चिन्ह म्हणून वापरावे हे मात्र विसाव्या शतकाला सुचले.

या दृष्टीने १९३२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीचे प्रमुख टंककार मॉरिस फुलर बेंटन यांनी त्या वर्षी एजन्सी गॉथिक नावाचा एक अरुंद, चौकोनी, फक्त मोठ्या लिपीतील अक्षरे असलेला टंक काढला. बेंटन हे त्या काळातील सर्वांत कष्टाळू टंककारांपैकी एक होते, फ्रँकलिन गॉथिक आणि न्यूज गॉथिक हे आजही रोजच्या वापरात असलेले टंक त्यांचेच, आणि जुन्या रोमन वळणांचे पुनरुज्जीवन करण्यातही त्यांचा हात होता. त्यामुळे चौकोनी अक्षराकडे ते वळले ते कसब कमी होते म्हणून नव्हे. त्याच सुमारास त्यांनी बँक गॉथिक हा रुंद चौकोनी टंकही रचला होता. एजन्सी गॉथिकमध्ये गोलाई जवळजवळ नाहीच. जिथे वळण अपेक्षित आहे तिथे रेषा सरळ जाते आणि अगदी शेवटी थोडक्या गोलाईने वळते, जाडी सर्वत्र जवळपास सारखी आहे, आणि अक्षराच्या पोटातील पोकळी उभ्या फटीसारखी दिसते. तो काळ गगनचुंबी इमारतींचा, हवेला कापत जाणाऱ्या आकाराच्या आगगाड्यांचा आणि आर्थिक मंदीतही उद्याचे सुंदर चित्र रंगवणाऱ्या जाहिरातींचा होता, आणि या टंकात ती उभी चढण स्पष्ट दिसते.

एजन्सीची पुढची वाटचाल अधिक बोलकी आहे. डेव्हिड बर्लो यांनी १९९० मध्ये फॉन्ट ब्यूरो या संस्थेसाठी तिला लहान लिपीतील अक्षरे जोडली आणि पुढे अनेक जाड्या व रुंदींचे मोठे कुटुंब उभे केले. त्यातील काही टंक मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन प्रणालीबरोबर जगभरच्या संगणकांवर पोचले, आणि मग व्हिडिओ गेम, विज्ञानपट, खेळांचे प्रक्षेपण यांत जिथे जिथे उद्याचे जग दाखवायचे होते तिथे तिथे ही अक्षरे दिसू लागली. मंदीच्या काळातील जाहिरात-मथळ्यांचे अक्षर साठ-सत्तर वर्षांनी बाविसाव्या शतकाचे अक्षर म्हणून पडद्यावर यावे, आणि प्रेक्षकाला त्यात काही विसंगत वाटू नये, ही घटना या विषयाच्या गाभ्याशी आहे. भविष्य कसे दिसते हे कोणालाच माहीत नसते. परंतु भविष्य म्हणून काय दाखवायचे याविषयी समाजात एक मूक संकेत तयार होतो, आणि तो संकेत नेहमी मागच्या काळाच्या सामग्रीतूनच घडतो.

इटलीतील तुरिन येथील नेबिओलो या टंककारखान्यात हाच संकेत दुसऱ्या वाटेने घडला. अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे यांनी १९५२ मध्ये मायक्रोग्रामा हा फक्त मोठ्या अक्षरांचा टंक काढला आणि १९६२ मध्ये नोव्हारेसे यांनी त्याचाच विस्तार करून युरोस्टाइल सिद्ध केला, ज्यात लहान अक्षरे आली, तसेच अरुंद आणि रुंद अशी रूपेही आली. येथे ओ हे अक्षर चौकोनही नाही आणि वर्तुळही नाही. दोहोंच्या मधला, किंचित फुगलेल्या बाजूंचा तो आकार त्या काळच्या दूरदर्शन संचाच्या काचेचा आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ मधील ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात हॅल नावाच्या संगणकाच्या पडद्यांवर युरोस्टाइलचे रुंद रूप वापरले गेले आणि तेव्हापासून अंतराळाशी त्याचे नाते पक्के झाले.

परंतु या सर्व प्रवाहांतील सर्वांत विक्षिप्त, आणि त्यामुळेच सर्वांत अभ्यासनीय, शाखा निघाली ती कोणत्याही कलावंताच्या टेबलावरून नव्हे, तर बँकेच्या धनादेशावरून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत धनादेशांची संख्या इतकी वाढली की ते हाताने वर्गीकृत करणे बँकांना अशक्य होऊ लागले. बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे हे काम सोपवले आणि १९५० च्या दशकात तेथे जी पद्धत आकाराला आली ती अशी : धनादेशाच्या तळाशी लोहाच्या ऑक्साइडची भुकटी मिसळलेल्या शाईने अंक छापायचे, यंत्रात शिरताना त्या शाईला चुंबकत्व द्यायचे, आणि मग तो कागद एका अरुंद उभ्या फटीच्या वाचनशीर्षासमोरून सरकवायचा. फटीसमोरून अंक सरकत जातो तसतसे समोर असलेल्या शाईचे प्रमाण बदलते आणि त्या बदलानुसार विजेचा संकेत वाढतो किंवा घटतो. प्रत्येक अंकाचा असा चढ-उताराचा एक आलेख मिळतो आणि त्यावरून यंत्र अंक ओळखते. यंत्राला अंकाचे रूप दिसतच नाही, त्याला फक्त हा आलेख कळतो. म्हणून दहाही अंकांचे आलेख परस्परांपासून निःसंशय वेगळे असावेत एवढीच यंत्राची मागणी होती, आणि माणसालाही ते वाचता यावेत ही माणसाची.

या दोन मागण्यांच्या तडजोडीतून जो अंकसंच निघाला त्याला ई-१३बी म्हणतात. ई हे पाचव्या आराखड्याचे अक्षर, १३ म्हणजे ज्या चौकटीवर तो बेतला आहे त्या चौकटीतील घराचे माप, एका इंचाचे तेरा सहस्रांश, आणि बी म्हणजे त्याची दुसरी सुधारणा. यातील अंकांच्या अंगावर मध्येच जे जाड ठोकळे आलेले दिसतात, एकाच्या पायथ्याशी जो भरीव चौथरा दिसतो, त्यांत सजावटीचा लवलेश नाही. प्रत्येक ठोकळा त्या विशिष्ट जागी संकेताला उचल देण्यासाठी आहे. भारतात १९८० च्या दशकात हीच पद्धत स्वीकारली गेली, आणि म्हणून मराठी वाचकाच्या घरातील प्रत्येक धनादेश-पुस्तिकेत हे अंक आहेत. तळपट्टीवर धनादेश क्रमांकानंतर जो नऊ अंकांचा संकेतांक येतो, त्यातील पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. मुंबईतील शाखांचा संकेतांक ४०० ने आणि पुण्यातील शाखांचा ४११ ने सुरू होतो.

ई-१३बी मध्ये दहा अंक आणि चार खुणा, एवढी चौदाच चिन्हे आहेत. वर्णमाला नाही. ही उणीव भरून काढण्याची कल्पना १९६० च्या दशकात लंडनमध्ये लिओ मॅग्ज या तरुण आरेखकाला सुचली. कव्हेंट गार्डन येथील संगीतनाट्यगृहाच्या रसिकमंडळाच्या नियतकालिकासाठी एका लेखाचे शीर्षक भविष्यसूचक ढंगात करून हवे होते. त्यांनी आपल्या धनादेशावरील अंकांकडे पाहिले, त्यांचे ठोकळे आणि कोपरे उचलले, आणि त्याच वृत्तीची अक्षरे रेखाटली. पुढे फोटोस्क्रिप्ट या कंपनीच्या रॉबर्ट नॉर्टन यांनी तो टंक प्रसिद्ध केला आणि एका बँकेच्याच नावावरून त्याला वेस्टमिन्स्टर हे नाव मिळाले. त्याच दशकात, १९६५ मध्ये, लेट्रासेट या कंपनीसाठी कॉलिन ब्रिगनॉल यांनी काउंटडाउन हा टंक रचला आणि १९७० मध्ये बॉब न्यूमन यांनी डेटा ७०. लेट्रासेट म्हणजे पारदर्शक तावावर उलट बाजूने चिकटवलेली अक्षरे, जी कागदावर ठेवून वरून बोथट टोकाने घासली की कागदावर उतरतात. या साधनामुळे टंक वापरण्यासाठी छापखान्याची, खिळ्यांची किंवा जुळाऱ्याची गरज उरली नाही, एखाद्या संगीतवाद्यवृंदाची किंवा महाविद्यालयीन अंकाची जाहिरात करणारा कोणीही संध्याकाळच्या वेळात भविष्य कागदावर उतरवू शकत होता, आणि म्हणूनच या वळणाचा प्रसार वणव्यासारखा झाला.

वेस्टमिन्स्टर किंवा डेटा ७० मधील ए, के, डब्ल्यू ही अक्षरे कोणत्याही चुंबकीय यंत्राला वाचता आली नसती, कारण त्यांतील ठोकळ्यांना आलेखाचा आधार नाही. अंकांमध्ये जो ठोकळा काम करत होता तो अक्षरांमध्ये केवळ काम करत असल्याचा भास निर्माण करतो. काही समीक्षक एवढ्यावरून या टंकांना नकली ठरवतात. तो निवाडा घाईचा आहे. दर्शनी टंकाचे काम यंत्राला वाचता येणे हे नसून माणसाच्या मनात एक जग उभे करणे हे आहे, आणि मॅग्ज यांनी आपल्या अक्षरांची प्रमाणे गिल सॅन्स या उत्तम मानवी वळणाच्या टंकावरून घेतली होती, त्यामुळे ठोकळ्यांच्या गर्दीतही त्यांच्या शब्दाची लय बिघडत नाही. जे अनुकरण फक्त ठोकळे उचलते आणि लय विसरते, ते मात्र चार शब्दांतच कंटाळवाणे होते, आणि अशा अनुकरणांची संख्या मोठी आहे.

यंत्राच्या मर्यादेला सामोरे जाण्याची याहून कठोर रीत नेदरलँड्समधील विम क्राउवेल यांची होती. एका मुद्रण-प्रदर्शनात त्यांनी किरणनळीच्या पडद्यावर अक्षरे उमटवणारे नवे यंत्र पाहिले. ते यंत्र सोळाव्या शतकातील गॅरामाँ वळणाचे अक्षर ठिपक्यांत बसवण्याचा प्रयत्न करत होते आणि त्या अक्षराची गोलाई विस्कटून जात होती. जुने अक्षर नव्या यंत्रावर लादण्यापेक्षा यंत्राला जे सहज जमते त्यातूनच अक्षर घडवावे, असा विचार करून त्यांनी १९६७ मध्ये नवी वर्णमाला सादर केली, जिच्यात वळण आणि तिरकी रेषा यांना स्थानच नाही, फक्त उभ्या-आडव्या रेषा आणि कोपऱ्यांवर छाटलेले तिरके काप आहेत. काही अक्षरे तर नेहमीच्या रूपापासून इतकी दूर गेली की ती शिकल्याशिवाय वाचता येत नाहीत. क्राउवेल यांनी तिला सिद्धांताची मांडणी मानले होते. तरीही १९८८ मध्ये जॉय डिव्हिजन या इंग्लिश संगीतवृंदाच्या ‘सब्स्टन्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पीटर सॅव्हिल आणि ब्रेट विकन्स यांनी तिचा वापर केला, आणि सिद्धांत म्हणून आलेले अक्षर एका पिढीच्या भावनेचे अक्षर झाले. तोपर्यंत किरणनळीची ती अडचण संपली होती, आणि मर्यादा संपल्यावरही आकार जगला.

१९८० च्या दशकात लंडनच्या ‘द फेस’ मासिकासाठी नेव्हिल ब्रॉडी यांनी रेखाटलेला आणि पुढे लायनोटाइपने प्रसिद्ध केलेला इंडस्ट्रिया हा टंक अरुंद शाखेत महत्त्वाचा मानला पाहिजे. त्याची अक्षरे एकमेकांना जवळजवळ चिकटून उभी राहतात, पोकळ्या बारीक फटींएवढ्या उरतात, काही कोपरे गोल तर त्यांच्या शेजारचे तीक्ष्ण, आणि हा विस्कळीतपणा इतक्या नेमकेपणाने वाटलेला आहे की शब्द एका ओतीव पट्टीसारखा दिसतो. येथे १९३० च्या दशकातील यंत्रयुगाचे स्मरण आणि संगणकयुगाची चाहूल एकाच अक्षरात भेटतात, आणि विक्षिप्तपणा हा शब्द टंकाच्या बाबतीत प्रशंसेचा कसा ठरतो हे येथे कळते.

अशा टंकाच्या वापराविषयी काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे हितावह आहे. त्याला मोठा आकार लागतो. सलग मजकूर सहसा नऊ ते अकरा पॉइंटांत, म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग या मापाने नऊ-अकरा भाग उंचीच्या अंगावर, लावला जातो, आणि त्या आकारात अरुंद अक्षराच्या फटी बुजून शब्द काळ्या पट्ट्या बनतात. त्याला थोडे शब्द लागतात, कारण सर्व अक्षरांचा बांधा सारखा असल्याने शब्दाची बाह्यरेषा सपाट होते आणि सवयीच्या वाचकालाही अक्षर-अक्षर ओळखत जावे लागते. चौकोनी रूपात शून्य आणि ओ, आठ आणि बी, पाच आणि एस यांतील भेद पातळ होतो, म्हणून औषधाच्या वेष्टनावर, आपत्कालीन सूचनेत, अर्जाच्या नमुन्यात किंवा वाहनाच्या क्रमांकात अशा टंकाला जागा असू नये. तेथे तो वापरणे बेजबाबदारपणाचे आहे. याउलट महोत्सवाचे नाव, ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन, विज्ञानकथासंग्रहाचे मुखपृष्ठ, खेळाडूच्या अंगरख्यावरील क्रमांक, गुणफलक अशा ठिकाणी तो दोन शब्दांत जेवढे वातावरण उभे करतो तेवढे चित्राच्या चौकटीलाही क्वचित साधते.

अरुंद टंक नसताना साधे अक्षर संगणकावर दोन्ही बाजूंनी दाबून ते अरुंद करण्याची सवय सर्वत्र दिसते, आणि मराठी पानांच्या मांडणीत तर ती फारच रुळली आहे. तिच्यातील दोष समजण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. चांगल्या टंकात उभी रेषा आडव्या रेषेपेक्षा किंचित जाड ठेवलेली असते, कारण सारख्या जाडीच्या दोन रेषांपैकी आडवी रेषा डोळ्याला अधिक जाड भासते. अक्षर साठ टक्क्यांवर दाबले की उभ्या रेषेची जाडी साठ टक्के होते, आडवी रेषा मात्र होती तेवढीच राहते. देवनागरीत याचा परिणाम अधिक दारुण होतो, कारण तेथे प्रत्येक शब्दावर शिरोरेखा आहे आणि निम्म्याहून अधिक व्यंजनांना काना आहे. दाबलेल्या मथळ्यात काने काडीसारखे बारीक होतात आणि त्यांच्या डोक्यावर शिरोरेखेचा जाड वासा तोललेला दिसतो. अरुंद अक्षर दाबून मिळत नाही, ते पहिल्यापासून अरुंद म्हणूनच रेखाटावे लागते.

देवनागरीत असा टंक शक्य आहे का, हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये राजधानी, टेको आणि खंड ही दर्शनी टंकांची तीन कुटुंबे मुक्त परवान्याने सर्वांना उपलब्ध करून दिली, ज्यांत देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरे आहेत आणि तिन्हींचा बांधा कमी-अधिक अरुंद आहे. राजधानी आणि टेको यांत चौकोनी अंगाचा विचार स्पष्ट आहे. ते जालावर, दूरचित्रवाणीच्या पट्ट्यांवर आणि फलकांवर मराठी वाचकाच्या नजरेखालून रोज जातात.

देवनागरीचे परंपरागत रूप बोरूच्या तिरक्या कापातून आले आहे, त्यामुळे रेषा दिशेनुसार जाड-बारीक होते. सारख्या जाडीची चौकोनी देवनागरी बोरूचा हा हिशेब बाजूला ठेवते. पण लिपीच्या सांगाड्यात शिरोरेखा आणि काना हे उभे-आडवे दोन घटक आधीपासूनच आहेत, आणि ग, प, म, न, व, स अशी काना असलेली अक्षरे चौकटीत फारसा विरोध न करता बसतात. अडचण येते ती शिरोरेखेला लोंबकळणाऱ्या बिनकान्याच्या अक्षरांची : ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ. यांची ओळखच गोलाईत आहे, ती सपाट केली की ठ ही नुसती पेटी होते आणि ड व ढ यांतला फरक टोकाच्या वळणावर येऊन थांबतो. दुसरी अडचण रुंदीची आहे. रोमन अरुंद टंकात दोन-तीन अक्षरे सोडली तर सर्वांची रुंदी एकसारखी ठेवता येते. देवनागरीत र जन्मजात अरुंद, तर क्ष, झ, ख हे जन्मजात ऐसपैस, आणि सर्वांना एका मापात कोंबले तर ख चे र आणि व असे दोन तुकडे दिसू लागतात व झ ची गाठ शाईने भरून जाते. तिसरी अडचण उंचीची : रोमन मोठ्या अक्षरांच्या ओळी एकमेकींवर अगदी खेटून रचता येतात, देवनागरीत मात्र वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, पायमोड यांना जागा द्यावीच लागते, आणि अक्षराचे अंग जितके उंच करावे तितका या खुणांचा वाटा आक्रसतो. एक सोय मात्र अरुंदपणामुळे मिळते, आणि तिची दखल फारशी घेतली जात नाही. पहिल्या वेलांटीची कमान पुढच्या व्यंजनाच्या कान्यावर नेमकी उतरावी यासाठी टंककाराला वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या रेखाटाव्या लागतात. अक्षरांच्या रुंदीतील तफावत कमी झाली की थोड्या वेलांट्यांत काम भागते आणि शब्द अधिक घट्ट बांधला जातो.

या साऱ्यावरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. ई-१३बी चे ठोकळे, क्राउवेल यांचे तिरके काप, बेंटन यांच्या उभ्या फटी हे सर्व आकार एखाद्या खऱ्या अडचणीतून आले, आणि म्हणूनच अडचण सरल्यावरही ते टिकले. देवनागरीच्या टंककाराने रोमन अक्षरांवरचे ते ठोकळे उचलून आपल्या अक्षरांना चिकटवले तर हाती वेषांतर येईल. त्याच्याकडे स्वतःच्या अडचणी आहेत, शिरोरेखेखाली लोंबणारी गोलाई आहे, मात्रांचा माळा आहे, जोडाक्षरांची उतरंड आहे, आणि त्यांना प्रामाणिकपणे भिडल्यावर जो विक्षिप्तपणा उपजेल तो देवनागरीचा स्वतःचा असेल.

मराठीपुरत्या काही अटी तर आणखी नेमक्या आहेत. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची प्रमाण वळणे चौकोनी टंकांत बहुधा वगळली जातात, कारण हिंदी वळणाचे ल आणि श चौकटीत बसवणे सोपे असते. परंतु मराठी मथळ्यात ती वगळल्यावर शब्द परका दिसतो, आणि ल च्या दोन पाकळ्या दोन शेजारच्या कमानींत बदलून अरुंद अंगात बसवणे अवघड असले तरी अशक्य नाही. त्याहून कसोटीचा आहे तो दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा अशा शब्दांतील अर्धा र. पापणीसारखी वळलेली ती बारीक रेषा चौकोनी टंकात सरळ केली की ती संयोगचिन्हासारखी दिसते, आणि तिच्याऐवजी रफार चालवून घ्यावा तर आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतला भेद पुसला जातो. म्हणून मराठीसाठी असा टंक रेखाटणाऱ्याने या पापणीला पुढच्या अक्षराच्या अंगात मुरवण्याऐवजी तिची स्वतंत्र रुंदी द्यावी, तिच्या वळणाचा एक कोपरा तरी गोल ठेवावा, आणि मथळ्याच्या एकूण लांबीत त्यामुळे पडणारी भर आधीच हिशेबात धरावी.